टाके किती पडले?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे दोघातिघांनी विचारलं, "काकू, लिखाण का थांबलंय?" नातेवाइकांना कारण ठाऊक आहे, बाकीच्यांना सांगते. गेल्या वर्षी आमच्या ह्यांना गुदाशयाचा कर्करोग निघाला. वय शहात्तर. शेक झाले, ऑपरेशन झालं, आता बरे आहेत. पण आज आजारपणाची कहाणी सांगायची नाही. ती सांगणाऱ्याला जितकी गोड लागते तितकी ऐकणाऱ्याला लागत नाही, हे शाळेच्या स्टाफरूममध्ये मी बत्तीस वर्षं अनुभवलंय. आज लिहायचंय ते त्या दिवसांत फोनवर जवळजवळ प्रत्येकानं विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल.

"दुर्बिणीनं झालं ना? टाके किती पडले?"

मी खरं ते सांगायची. "सुरुवात दुर्बिणीनं झाली, पण खालच्या भागासाठी चीर द्यावी लागली. एकोणीस टाके आहेत." त्यावर पलीकडून हमखास एकच शब्द यायचा, "अरेरे!" जणू काही ऑपरेशन फसलं. कोणी म्हणे, "आजकाल तर चार भोकांत होतं म्हणतात." कोणी हळूच विचारी, "डॉक्टर नवीन होते का हो?" माणसं प्रेमापोटीच बोलतात, त्यांना काय बोलणार? पण त्या 'अरेरे'शी माझं भांडण आहे, आणि ते मांडायला फोन पुरत नाही. म्हणून हे लिखाण.

आधी थोडं शरीरशास्त्र. (बाईंची सवय आहे, चालवून घ्या.) मोठं आतडं पोटाच्या कडेकडेनं चौकटीसारखं फिरतं. उजवीकडून वर, मग आडवं, मग डावीकडून खाली. त्याचा शेवटचा साधारण पंधरा सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. तो ओटीपोटाच्या हाडांच्या कडीत खोल बसलेला असतो. पुढे मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट, मागे माकडहाड, आणि दोन्ही अंगांना लघवीच्या व इतर कामांच्या नाजूक नसा. पुरुषांची ही हाडांची कडी बायकांपेक्षा अरुंद असते. ह्यांची गाठ गुदद्वारापासून सात सेंटिमीटरवर होती, म्हणजे त्या अरुंद विहिरीत बऱ्यापैकी खाली.

गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टण असतं. त्यात रक्तवाहिन्या आणि लहान लहान लसिकाग्रंथी असतात, आणि रोग पसरतो तो आधी तिथेच. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली एक गोष्ट ठासून मांडली. गाठीबरोबर हे वेष्टणही, न फाटता, अखंड बाहेर आलं पाहिजे. वेष्टण आणि ओटीपोटाची भिंत यांच्यामध्ये कोळिष्टकासारखा एक विरळ थर असतो. त्या थरातून गेलं तर रक्त फारसं येत नाही, नसाही वाचतात. त्या थराला त्यांनी नाव दिलं 'होली प्लेन', म्हणजे पवित्र थर. त्याआधी अशा ऑपरेशननंतर त्याच जागी रोग पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण बरंच होतं. हील्ड यांच्या रोग्यांमध्ये ते शंभरात पाचाच्या आत आलं. औषध नवं नव्हतं, यंत्र नवं नव्हतं, फक्त कापायची जागा बदलली होती.

आमच्या सर्जननी हे कागदावर चित्र काढून समजावलं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आली ती करंजी. तळताना करंजीची कड उकलली की सारण तेलात पसरतं, आणि मग ते काही केल्या गोळा होत नाही. गुदाशयाचं ऑपरेशन म्हणजे ती करंजी अरुंद कढईतून न फुटता बाहेर काढणं. पोटावर चीर किती लांब, भोकं किती, हा सगळा त्या करंजीपर्यंत पोचायच्या वाटेचा प्रश्न आहे. महत्त्वाचा आहेच, पण दुसऱ्या क्रमांकाचा. माझ्या सगळ्या लिखाणाचा मुद्दा म्हटला तर एवढाच आहे.

मग दुर्बीण आली कुठून? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. जगातही ही पद्धत तेव्हा नवीनच होती. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून तंबूसारखी जागा करायची, बेंबीजवळून कॅमेरा घालायचा, बाजूच्या बारीक भोकांतून हत्यारं घालायची आणि पडद्यावर बघत काम करायचं. पाठोपाठ १९९१ मध्ये अमेरिकेतून मोठ्या आतड्याची ऑपरेशनं अशी केल्याचं छापून आलं.

आणि मग घबराट झाली. १९९४ मध्ये हॉलंडच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' साप्ताहिकात कळवलं की दुर्बिणीनं आतड्याचा कर्करोग काढलेल्या त्यांच्या चौदा रोग्यांपैकी तिघांना, जिथून हत्यारं घातली त्या भोकांच्या जागीच, रोग पुन्हा दिसला. कल्पना करा. ज्या बारीक भोकांचं कौतुक चाललं होतं, तीच रोग पेरतात की काय अशी शंका! कर्करोगासाठी ही पद्धत फक्त अभ्यासाच्या चौकटीतच वापरावी, असं जाणकार सर्जन मंडळी म्हणू लागली.

उत्तर मिळायला दहा वर्षं गेली. आमची नात वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं मला हे सगळे अभ्यास शेजारी बसून समजावले (मी तिला बाराखडी शिकवली होती, फिटंफाट झाली). २००४ साली अमेरिकेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४८ रुग्णालयं, ८७२ रोगी, निम्म्यांना दुर्बीण आणि निम्म्यांना चीर, कोणाला काय ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. तीन वर्षांत रोग परत आला तो दुर्बिणीच्या गटात १६ टक्क्यांना, चिरेच्या गटात १८ टक्क्यांना, म्हणजे जवळपास सारखाच. जखमेच्या जागी रोग येण्याचं प्रमाण दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी. भोकांवरचा आळ गेला. पण या अभ्यासात भाग घेणाऱ्या सर्जनांना आधी किमान वीस अशी ऑपरेशनं केल्याचं दाखवावं लागलं होतं, आणि चित्रफीत तपासायला द्यावी लागली होती. म्हणजे परीक्षेला बसायच्या आधी चाचणी परीक्षा! मला हे फार आवडलं. आळ गेला त्यात हातांच्या तयारीचाही वाटा असणार, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट. त्या अभ्यासात गुदाशयाचे रोगी नव्हतेच. वरचं आतडं मोकळ्या पोटात असतं, गुदाशय विहिरीत. २००५ साली ब्रिटनच्या ७९४ रोग्यांच्या अभ्यासात मात्र गुदाशयही होतं. त्यात दुर्बिणीनं सुरू केलेल्या ऑपरेशनांपैकी २९ टक्क्यांत मधेच चीर द्यावी लागली. पहिल्या वर्षी ३८ टक्के, सहाव्या वर्षी १६ टक्के. हात बसत गेले तसा आकडा उतरला.

पुढे २०१५ मध्ये तर गंमतच झाली. बहुतांशी युरोपातल्या हजाराहून अधिक रोग्यांच्या अभ्यासानं सांगितलं की गुदाशयाच्या कर्करोगात तीन वर्षांनी त्या जागी रोग परतण्याचं प्रमाण दुर्बीण आणि चीर दोन्हींत पाच टक्केच आहे. त्याच वर्षी अमेरिकेतला एक आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला एक असे दोन अभ्यास म्हणाले, थांबा, बाहेर काढलेला भाग तपासला तर दुर्बीण चिरेइतकीच चांगली आहे असं सिद्ध होत नाही. पुढे त्या दोन अभ्यासांतल्या रोग्यांची पाहणी चालू ठेवली, तेव्हा रोग परतण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. शहाणी माणसं शहाण्या माणसांशी अशी भांडत असताना आपण फोनवर एका शब्दात निकाल देतो, याचं मला नवल वाटतं.

आता घरचं रणांगण. आमचा मुलगा पुण्यात असतो, त्याचं म्हणणं रोबोटनंच करू. धाकटे दीर कराडचे, त्यांचं म्हणणं, "वहिनी, पोट उघडून हातानं चाचपून बघितल्याशिवाय रोग समजत नसतो. पडद्यावर काय कळतंय?" दोघांचीही तळमळ खरी. एक रविवार तर जेवणं तशीच राहिली. आणि ज्यांचं पोट, ते मात्र शांतपणे पेपर वाचत बसलेले.

रोबोटबद्दल सांगते. तो स्वतः काही कापत नाही. सर्जन बाजूला बसून हत्यारं चालवतात, रोबोटचे हात ती हालचाल आत करतात. हत्यारांना मनगट असल्यासारखं वळता येतं आणि खोल जागी चित्र स्थिर दिसतं. २०१७ साली दहा देशांतल्या ४७१ रोग्यांचा अभ्यास आला. मधेच चीर द्यावी लागण्याचं प्रमाण साध्या दुर्बिणीत १२.२ टक्के, रोबोटमध्ये ८.१ टक्के. फरक दिसतो, पण तो योगायोगानंही पडू शकतो इतकाच होता. २०२५ मध्ये चीनमधल्या अकराशेहून अधिक रोग्यांच्या अभ्यासात मात्र तीन वर्षांनी त्या भागात रोग परतण्याचं प्रमाण रोबोटमध्ये १.६ आणि दुर्बिणीत ४ टक्के आलं. म्हणजे मुलगा अगदीच हवेत बोलत नव्हता. पण तिथले सर्जन त्या यंत्रावर मुरलेले होते. आम्हाला जिथे रोबोट मिळणार होता तिथे यंत्र येऊन काहीच महिने झाले होते, आणि खर्च दीड लाखानं जास्त. यंत्र नवं आणि हात त्याहून नवा, हे मला झेपेना.

आम्ही दोन सर्जनांना भेटलो. नावं सांगत नाही, दोघेही हुशार. पहिले म्हणाले, "आजी, काळजीच करू नका. आमच्याकडे शंभर टक्के दुर्बिणीनंच होतं. चीर देण्याची वेळ आमच्यावर येतच नाही." मुलाचा चेहरा उजळला. दुसरे म्हणाले, "मी दुर्बिणीनं सुरू करेन. पण काकांची ठेवण रुंद आहे, ओटीपोट अरुंद आहे आणि शेकामुळे थर चिकटलेले असू शकतात. खाली गेल्यावर मला तो थर स्पष्ट दिसला नाही तर मी चीर देईन. माझ्याकडे गुदाशयाच्या साधारण दहातल्या एका रोग्याला द्यावी लागते. संमतिपत्रावर दोन्हींची सही करा, आणि मी चीर दिली तर ती तेव्हा माझ्यावर सोडा."

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "पहिले बरे वाटतात. कॉन्फिडन्स आहे." तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. ह्यांची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत, गाड्या दुरुस्त करण्यात गेली. म्हणाले, "मला मागे घेता येत नाही असं सांगणारी गाडी मी रस्त्यावर सोडत नव्हतो. खंबाटकीत एखाद्या वळणावर मागे घ्यावीच लागते. दुसरे डॉक्टर."

झालं. रविवारपासून चाललेलं रण एका वाक्यात संपलं. पोट त्यांचं होतं, निवड त्यांनी केली.

पुढच्या भेटीत मी वही घेऊन गेले. सर्जन हसले, पण उत्तरं नीट दिली. तेव्हा कळलं की 'दुर्बीण की चीर' ही अनेक निवडींपैकी एक निवड आहे. बाकीच्यांबद्दल कोणी विचारतच नाही.

आतड्याला रक्त पुरवणारी मोठी धमनी कुठे बांधायची? मुळाशी बांधली तर तिच्याभोवतीच्या जास्त ग्रंथी निघतात. थोडी पुढे, डावीकडची फांदी राखून बांधली तर जोडायच्या टोकाला रक्त जास्त मिळतं. हा वाद १९०८ सालचा आहे, इंग्लंडमध्येच माइल्स आणि मॉयनिहान या दोन सर्जनांनी त्या वर्षी दोन वेगळ्या जागा सांगितल्या होत्या. म्हणजे लोकमान्यांना मंडालेला पाठवलं त्या वर्षापासून हे चाललंय! २०१९ साली इटलीतल्या दुर्बिणीच्या एका अभ्यासात फांदी राखलेल्यांची लघवीची तक्रार कमी दिसली, जोड गळण्यात मात्र फरक नव्हता. ह्यांना लघवीचा त्रास आधीपासूनच, म्हणून सर्जननी फांदी राखायचं ठरवलं.

मग जोड. गाठ काढल्यावर वरचं आतडं खाली ओढून स्टेपलरनं जोडतात. ताण पडू नये म्हणून डावीकडचं आतडं पार प्लीहेपर्यंत सोडवून घ्यावं लागतं. खालचा जोड गळण्याची भीती असते. गळला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचं तोंड पोटावर उजवीकडे काढून तिथे पिशवी लावतात, आणि काही महिन्यांनी पुन्हा छोटं ऑपरेशन करून ते बंद करतात. ही पिशवी नको म्हणून माणसं डॉक्टरांशी भांडतात. ह्यांनी एकच विचारलं, "कायमची नाही ना?" "बहुतेक नाही," एवढंच उत्तर मिळालं. 'बहुतेक' हा शब्द त्या रात्री आम्हा दोघांनाही झोपू देत नव्हता.

आणि एक गोष्ट, जी ऐकून आमचे दीर चाटच पडले. दुर्बिणीनं सगळं पार पडलं तरी काढलेलं आतडं बाहेर कुठून येणार? त्या अर्ध्या इंचाच्या भोकातून? त्यासाठी बहुतेक वेळा पाच-सहा सेंटिमीटरची चीर लागते. बहुधा बेंबीखाली, सिझेरियनला देतात तशी आडवी, आणि जखमेला रोगाचा स्पर्श होऊ नये म्हणून प्लास्टिकचं अस्तर लावून. तेव्हा 'बिनटाक्याचं ऑपरेशन' असं गुदाशयाच्या बाबतीत कोणी म्हणालं, तर समजावं की ऐकीव माहिती आहे.

ऑपरेशन श्रावणात झालं. सकाळी आठला आत नेलं. साडेअकराला एक डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले, "वरचं सगळं दुर्बिणीनं झालंय, धमनी बांधली, आतडं सोडवलं. खाली मात्र चिकटलेलं आहे. सर चीर देतायत. ठीक आहे सगळं." मुलगा मटकन खाली बसला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला भीती वाटली नाही असं नाही. पण आधी सांगितलेलं घडत होतं, ही एक गोष्ट धरून ठेवायला होती. सांगितलेलं नसतं तर त्या बाकावर मी काय विचार केला असता कोण जाणे.

संध्याकाळी सर्जन भेटले. म्हणाले, "प्रोस्टेटच्या मागे थर दिसेना. अर्धा तास बघितलं, काम पुढे सरकेना. आणखी रेटलं असतं तर एक तर पाकीट फाटलं असतं किंवा रक्तस्राव झाला असता. काही बिघडल्यावर घाईनं चीर देणं वेगळं, आणि बिघडू नये म्हणून आधीच देणं वेगळं." मग म्हणाले, "वरचं काम दुर्बिणीनं झाल्यामुळे चीर बेंबीखालीच आहे, छातीपर्यंत नाही." म्हणजे तो सकाळचा वेळ वाया गेला नव्हता.

किंमत पडली नाही असं मी म्हणणार नाही. चीर दुखायची. खोकला आला की हे उशी पोटाशी धरायचे. जखमेतून थोडे दिवस पाणी आलं. सगळं दुर्बिणीनं झालेला शेजारच्या खोलीतला माणूस सहाव्या दिवशी घरी गेला, आम्ही अकराव्या. मधे चीर द्यावी लागलेल्यांना त्रास जास्त होतो, हे अभ्यासातही दिसतं. एक तर अवघड रोग्यांनाच चीर द्यावी लागते, आणि दुसरं म्हणजे काहींना ती फार उशिरा दिली जाते. म्हणून प्रश्न 'चीर पडली का' एवढ्यावर सोडू नये. 'कधी दिली आणि का दिली' हे विचारावं.

दोन आठवड्यांनी तपासणीचा अहवाल आला. नातीनं फोनवर वाचून सांगितला. वेष्टण अखंड. गाठ कडेपासून चार मिलिमीटर आत. (एक मिलिमीटर किंवा कमी असेल तर धोक्याचं मानतात.) चौदा ग्रंथी तपासल्या, एकीतही रोग नाही. करंजी फुटली नव्हती. मी फोन ठेवला आणि देवापुढे नाही, आधी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. घसा कोरडा पडला होता.

पिशवीचे तीन महिने सोपे नव्हते. पातळ होत राहतं, मीठ-पाणी शरीरातून जातं, सारखं मीठ-साखरेचं पाणी प्यावं लागतं. दिवाळीनंतर पिशवी बंद झाली. त्यानंतरही दिवसातून सहा-सात वेळा जावं लागायचं, आता तीन-चारवर आलंय. लग्नाला-बारशाला जायचं तर आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवतात. हेही लिहायलाच हवं, कारण भोकांच्या संख्येची चर्चा करताना याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, आणि रोजचं जगणं मात्र यावर अवलंबून असतं.

परत फिरण्याबद्दल आणखी एक उदाहरण नातीनं सांगितलं. गुदाशयापर्यंत वरून पोचणं अवघड, म्हणून काही वर्षांपूर्वी खालून, गुदद्वारातून दुर्बीण घालून वर यायची पद्धत निघाली. कल्पना चांगली, जगभर उत्साह. नॉर्वेमध्ये मात्र काही रोग्यांत रोग लवकर आणि विचित्र पद्धतीनं परत येतोय असं सर्जनांच्या लक्षात आलं. १५७ रोग्यांची नोंद तपासली. सुमारे अडीच वर्षांत त्या जागी रोग परतण्याचं अंदाजे प्रमाण ११.६ टक्के, आणि देशाच्या नोंदवहीतल्या नेहमीच्या ऑपरेशनांत २.४ टक्के. त्यांनी साऱ्या देशात ती पद्धत थांबवली. इतर देशांत मुरलेल्या ठिकाणी ती चालू आहे, तो वाद वेगळा. मला कौतुक वाटलं ते याचं की प्रत्येक रोग्याची नोंद ठेवलेली होती, म्हणून चूक दिसली, आणि दिसल्यावर एका अख्ख्या देशानं गाडी मागे घेतली. त्यांना कोणी 'अरेरे' म्हणालं असेल का?

आपल्याकडे माघार म्हणजे नामुष्की, हे शाळेपासून मनावर ठसतं. मी इतिहास शिकवायची. पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले, पुरंदरला तेवीस किल्ले देऊन तह केला, हे शिकवताना मुलं हिरमुसायची. मग मी त्यांना पुढची पानं वाचायला लावायची. माघार कुठे घेतली आणि कशासाठी, हे बघितल्याशिवाय तिला हार म्हणू नये, एवढंच मी सांगायची.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी हा प्रसंग येऊ नये. पण आलाच तर सर्जनना भोकांची संख्या विचारू नका. विचारा, ही ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? दुर्बिणीनं सुरू केल्यावर किती जणांना चीर द्यावी लागते, आणि ती कोणत्या क्षणी देता? पिशवी लागेल का, किती दिवस, आणि नंतर संडासचं कसं राहील? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. आणि 'कधीच नाही' आणि 'शंभर टक्के' हे शब्द ऐकू आले, तर थोडं थांबा, आणखी एकाला विचारा.

आणि उद्या फोनवर कोणी सांगितलं की चीर द्यावी लागली, तर कृपा करून 'अरेरे' म्हणू नका. विचारा, "गाठ नीट निघाली ना?" पलीकडे रात्रभर जागलेलं माणूस असतं. त्याला उत्तर द्यायला हाच प्रश्न हवा असतो.